आमदाराचा निवडणूक-आलेख कसा वाचावा : लातूरच्या निकालांवरून

लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघाचा २०१९ चा निकाल ज्यांनी २४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिला, त्यांना छपाईत काही चूक झाली असावी असे क्षणभर वाटले असेल. काँग्रेसचे धीरज देशमुख १,३५,००६ मते घेऊन पहिले आले होते, यात नवल नव्हते. पण दुसऱ्या क्रमांकावर कोणत्याही पक्षाचा उमेदवार नव्हता किंवा अपक्षही नव्हता. तेथे २७,५०० मते मिळवलेला ‘नोटा’, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय होता. शिवसेनेचे उमेदवार १३,५२४ मतांसह तिसऱ्या जागी होते. नोटा हा उमेदवार नसल्यामुळे विजयाचे अंतर शिवसेनेच्या उमेदवाराशी मोजले गेले आणि ते १,२१,४८२ इतके भरले. पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्याच मतदारसंघात आणि त्याच चिन्हावर उभे राहिलेले धीरज देशमुख भाजपच्या रमेश कराड यांच्याकडून सुमारे साडेसहा हजार मतांनी पराभूत झाले.

सव्वा लाखाच्या घरातले मताधिक्य पाच वर्षांत गेले कुठे, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे खरे उत्तर असे आहे की, ते सगळेच्या सगळे विजयी उमेदवाराचे कधी नव्हतेच. २०१९ मध्ये भाजप आणि शिवसेना यांची युती होती, जागावाटपात हा मतदारसंघ शिवसेनेकडे गेला आणि येथे वर्षानुवर्षे काम करणारे भाजपचे कार्यकर्ते नाराज राहिले. म्हणजे विरोधी मत होते, पण त्याला उभे राहायला जागा नव्हती. २०२४ मध्ये त्याला जागा मिळाली.

आमदाराची राजकीय कारकीर्द सांगताना आपल्याकडे ‘इतक्या वेळा निवडून आले, इतक्या मतांनी आले, इतकी मंत्रिपदे भूषवली’ अशी यादी दिली जाते. ही यादी खोटी नसते, परंतु ती एकटी वाचली तर फसवी ठरू शकते. प्रत्येक आकड्यामागे समोरचा उमेदवार कोण होता, त्या वर्षी राज्यात वारे कोणते होते, मतदारसंघाची हद्द कोणती होती आणि निवडणूक कोणत्या पद्धतीची होती, या गोष्टी दडलेल्या असतात. हे समजून घेण्यासाठी धीरज यांचे वडील, माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कारकिर्दीसारखे उदाहरण मराठवाड्यात दुसरे नाही, कारण तिच्यात मोठे विजय आहेत, मोठा पराभव आहे आणि ज्याची गोष्ट आजही पारावर सांगितली जाते तो अर्ध्या मताचा पराभवही आहे.

बाभळगाव ते विधानभवन

विलासराव देशमुख यांचा जन्म २६ मे १९४५ रोजी लातूरजवळच्या बाभळगावचा. त्या वेळी लातूर हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो उस्मानाबाद जिल्ह्यातून १६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. पुण्यात कायद्याचे शिक्षण घेऊन ते गावी परतले आणि १९७४ मध्ये बाभळगावचे सरपंच झाले. त्याच काळात ते उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य आणि लातूर पंचायत समितीचे उपसभापती होते.

ही पायरी अनेक चरित्रांत एका ओळीत उरकली जाते, पण ग्रामीण आमदाराच्या दृष्टीने तिचे मोल फार मोठे आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. ती भावकी, वाडे, पॅनेल आणि व्यक्तिगत संबंध यांच्या आधारावर होते. जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण यांत मात्र पक्षाचे चिन्ह येते आणि दहा-वीस गावांचा हिशेब जुळवावा लागतो. ज्याने हे दोन्ही केले आहे, त्याला विधानसभेच्या प्रचारात कोणत्या गावात कोणाच्या ओसरीवर बसायचे, हे कोणी सांगावे लागत नाही.

१९८० मध्ये ते लातूरमधून पहिल्यांदा विधानसभेवर गेले. या पहिल्या विजयाला एक संदर्भ आहे. त्याआधी लातूरचे आमदार असलेले शिवराज पाटील चाकूरकर त्याच वर्षी लोकसभेवर गेले होते, म्हणजे जागा मोकळी झाली होती. विद्यमान आमदाराला हरवून येणे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पक्षाच्या तिकिटावर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत खरी लढाई मतदानाच्या दिवशी होत नाही, ती तिकीटवाटपाच्या वेळी होऊन गेलेली असते. पुढे १९८५ आणि १९९० मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि या काळात राज्यमंत्री व नंतर मंत्री म्हणून महसूल, सहकार, शिक्षण अशी खाती त्यांनी सांभाळली.

येथे ‘टर्म’ या शब्दाविषयी एक सूचना करावीशी वाटते. एक टर्म म्हणजे पाच वर्षे असे आपण गृहीत धरतो, पण १९७८ मध्ये निवडून आलेली महाराष्ट्राची विधानसभा दोन वर्षेही पूर्ण करू शकली नाही आणि फेब्रुवारी १९८० मध्ये विसर्जित झाली. त्यामुळे जुन्या आमदाराविषयी वाचताना किती वेळा यापेक्षा कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, हे पाहणे अधिक बरे.

१९९५ चा पराभव

१९९५ ची निवडणूक महाराष्ट्राच्या राजकारणातला मोठा वळणबिंदू आहे. २८८ जागांच्या सभागृहात काँग्रेस ८० वर थांबली, शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या आणि तब्बल ४५ अपक्ष निवडून आले. मार्च १९९५ मध्ये मनोहर जोशी यांच्या नेतृत्वाखाली युतीचे सरकार आले. याच निवडणुकीत लातूरमधून जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर यांनी विलासरावांचा सुमारे ३५ हजार मतांनी पराभव केला.

तीन वेळा निवडून आलेला, मंत्रिमंडळात वजन असलेला नेता ३५ हजारांनी पडतो, तेव्हा दोन प्रकारची स्पष्टीकरणे दिली जातात. एक म्हणजे राज्यात काँग्रेसविरोधी लाट होती. दुसरे म्हणजे स्थानिक नाराजी होती. या दोहोंत फरक करण्याची एक साधी कसोटी आहे. मतदाराने लाटेला मत दिले असेल, तर ते त्या लाटेवर स्वार असलेल्या पक्षाकडे जाते. १९९५ मध्ये राज्यात लाट होती ती शिवसेना-भाजपची. लातूरमध्ये निवडून आला तो जनता दलाचा उमेदवार. म्हणजे लातूरकरांनी त्या वर्षी युतीला निवडले नव्हते, त्यांनी आपल्या आमदाराला बदलले होते. राज्याच्या निकालाला मान डोलावून पुढे गेलो तर हा फरक नजरेतून सुटतो.

त्याच निवडणुकीत शेजारच्या रेणापूर मतदारसंघातून गोपीनाथ मुंडे निवडून आले आणि उपमुख्यमंत्री झाले. मुंडे आणि देशमुख यांची मैत्री साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होती. दोन मित्रांपैकी एक उपमुख्यमंत्री आणि दुसरा घरी, अशी ती स्थिती होती.

अर्धे मत म्हणजे नेमके किती

१९९६ मध्ये विधान परिषदेसाठी काँग्रेसने उमेदवारी दिली नाही, तेव्हा विलासरावांनी बंडखोरी केली आणि शिवसेनेच्या पाठिंब्याच्या आधारे अपक्ष म्हणून निवडणूक लढवली. ते अर्ध्या मताने पडले. हे वाक्य अनेकदा ऐकले जाते आणि बहुतेकांना ते बोलण्याचा एक प्रकार वाटतो, कारण मत अर्धे कसे असेल? परंतु विधान परिषदेच्या मोजणीत मताचे तुकडे खरोखरच होतात. हे गणित एकदा समजून घेतले की, परिषदेच्या निवडणुकीत ‘घोडेबाजार’, ‘दुसऱ्या पसंतीची मते’ आणि ‘कोटा’ हे शब्द एवढे का गाजतात, ते आपोआप कळते.

विधान परिषदेत ७८ सदस्य असतात. त्यांपैकी ३० विधानसभेचे आमदार निवडून देतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ राज्यपाल नियुक्त करतात. आमदारांमधून होणाऱ्या निवडणुकीत एका वेळी अनेक जागा असतात आणि प्रत्येक आमदाराला एकच मतपत्रिका मिळते. तिच्यावर तो आवडीच्या उमेदवारासमोर १, त्यानंतरच्या आवडीच्या उमेदवारासमोर २, मग ३ असे पसंतीक्रम लिहितो. मतदान गुप्त असते.

मोजणीच्या वेळी प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य १०० धरले जाते. निवडून येण्यासाठी लागणारा कोटा काढताना सर्व वैध मतपत्रिकांच्या एकूण मूल्याला जागांच्या संख्येपेक्षा एक जास्त अशा आकड्याने भागतात, अपूर्णांक सोडून देतात आणि एक मिळवतात. समजा, सर्व २८८ आमदारांनी मतदान केले आणि ९ जागा भरायच्या आहेत. एकूण मूल्य २८,८०० झाले. त्याला १० ने भागले की २,८८० येतात आणि एक मिळवला की कोटा २,८८१ होतो. म्हणजे पहिल्या पसंतीची २९ मते ज्याला मिळाली, तो निश्चित निवडून आला. २८ मते मिळालेला उमेदवार मात्र ८१ ने कमी पडतो. त्याला एक पूर्ण मत नको असते. मताचा काही भाग पुरतो. तो येतो कोठून?

तो येतो जिंकलेल्या उमेदवाराच्या जादा मतांतून. एखाद्या पक्षाच्या उमेदवाराला पहिल्या पसंतीची ३४ मते मिळाली, म्हणजे ३,४०० मूल्य. कोट्यापेक्षा ५१९ जास्त. हे ५१९ वाया जात नाहीत. त्या ३४ मतपत्रिकांवर दुसऱ्या पसंतीला जो उमेदवार असेल, त्याच्याकडे ते वळवले जातात. सर्व ३४ आमदारांनी दुसरी पसंती लिहिली असेल, तर ५१९ ला ३४ ने भागून प्रत्येक मतपत्रिकेमागे १५ मूल्य पुढे सरकते. आता आपल्या २८ मतांच्या उमेदवाराला या ३४ पैकी सहा जणांनी दुसरी पसंती दिली असेल, तर त्याला ९० मूल्य मिळून तो कोटा पार करतो. पाच जणांनीच दिली असेल, तर ७५ मिळतात आणि तो २,८७५ वर थांबतो, कोट्याच्या सहा पावले अलीकडे. पुढे सर्वांत कमी मूल्याचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळवल्या जातात आणि अखेरीस एका जागेसाठी दोन उमेदवार उरले, तर ज्याचे मूल्य जास्त तो निवडून येतो. त्या शेवटच्या टप्प्यात दोघांमधले अंतर साधारण ५० असेल, तर पडलेला उमेदवार अर्ध्या मताने पडला, असे म्हणतात. येथे घेतलेले आकडे समजण्यापुरते आहेत, १९९६ च्या मोजणीचे नाहीत. पद्धत मात्र हीच.

आमच्याकडे या पराभवाला नशिबाचा खेळ म्हणतात. मला त्यात नशिबापेक्षा अधिक काही दिसते. या पद्धतीत पक्षाची जादा मते कोणाकडे वळवायची, हे आधी बसून ठरवलेले असते आणि आमदारांना पसंतीक्रम आकड्यांसह समजावून दिलेला असतो. बंडखोराला असा शिस्तबद्ध दुसऱ्या पसंतीचा साठा सहसा मिळत नाही; त्याला एकेका आमदाराशी बोलून मत मिळवावे लागते. तरीही विलासराव अर्ध्या मतापर्यंत पोहोचले, यावरून पक्षाबाहेरही त्यांचे संबंध किती दूरवर होते, ते कळते. ३५ हजार मतांनी झालेला विधानसभेचा पराभव आणि अर्ध्या मताने झालेला परिषदेचा पराभव यांची तुलनाच होऊ शकत नाही, कारण पहिल्यात मतदार लाखांत असतात आणि दुसऱ्यात तीनशेच्या आत. कारकिर्दीच्या तक्त्यात मात्र दोन्ही एकाखाली एक, ‘पराभूत’ याच शब्दाने नोंदले जातात.

पुनरागमन आणि मताधिक्याची किंमत

१९९९ ची निवडणूक आली, तेव्हा काँग्रेस फुटली होती. जून १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाची स्थापना झाली होती आणि राज्यात तिरंगी, चौरंगी लढती होत्या. अशा वेळी लातूरमधून विलासराव सुमारे ९१ हजार मतांच्या फरकाने विजयी झाले आणि हे त्या निवडणुकीतले राज्यातील सर्वाधिक मताधिक्य ठरले. चार वर्षांपूर्वी ३५ हजारांनी हरलेला उमेदवार ९१ हजारांनी जिंकतो, म्हणजे दोन निकालांमध्ये सव्वा लाखाहून अधिक मतांचा झोका बसला.

एवढा झोका पाहून ‘लोकांची चूक लोकांनीच दुरुस्त केली’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ‘लीड’ हा आकडा दोन बाजूंनी बनतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्या निवडणूक पद्धतीत पहिल्याला निम्म्याहून अधिक मते लागत नाहीत. दुसऱ्यापेक्षा एक मत जास्त असले तरी पुरते. त्यामुळे मताधिक्य वाढते ते विजेत्याची मते वाढल्याने जितके, तितकेच दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची मते विभागल्याने. फुटलेल्या विरोधकांसमोर ४५ टक्के मते घेणारा उमेदवार ५० हजारांनी जिंकू शकतो आणि एकवटलेल्या विरोधकांसमोर ४९ टक्के घेणारा उमेदवार हरू शकतो. म्हणून मताधिक्याशेजारी विजेत्याच्या मतांची टक्केवारी आणि दुसऱ्या व तिसऱ्या उमेदवारांची मते हे आकडे असल्याशिवाय त्याला फारसा अर्थ नसतो.

लातूर शहर मतदारसंघात विलासरावांचे पुत्र अमित देशमुख यांचे निकाल या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. २००९ मध्ये ते सुमारे ८९ हजारांनी निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर होता बहुजन समाज पक्षाचा उमेदवार. २०१४ मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या, तरी त्यांचे मताधिक्य सुमारे ४९ हजार राहिले. २०१९ मध्ये ते ४० हजारांच्या आसपास आले. २०२४ मध्ये भाजपच्या अर्चना पाटील चाकूरकर यांच्याविरुद्ध ते सुमारे सात हजारांवर उतरले. चारही वेळा तक्त्यात ‘विजयी’ असेच लिहिलेले आहे. तरीही पहिल्या विजयापासून चौथ्या विजयापर्यंतची घसरण पाहिली, की शहरात भाजप हा विरोधाचा मुख्य पर्याय म्हणून कसा उभा राहत गेला, ते स्पष्ट दिसते. त्याच वेळी दुसरी बाजूही मांडली पाहिजे: २०२४ मध्ये काँग्रेसला राज्यात केवळ १६ जागा मिळाल्या आणि लातूर शहर ही त्यांतली एक होती. त्या वर्षीचा सात हजारांचा विजय २००९ च्या ८९ हजारांच्या विजयापेक्षा अवघड होता, असे मी म्हणेन.

मुख्यमंत्रिपदाचे गणित वेगळे

१८ ऑक्टोबर १९९९ रोजी विलासराव मुख्यमंत्री झाले. काँग्रेसच्या ७५ आणि राष्ट्रवादीच्या ५८ जागा मिळूनही १४५ चे बहुमत होत नव्हते. लहान पक्ष आणि अपक्ष यांच्या पाठिंब्यावर सरकार उभे होते. जून २००२ मध्ये ते विश्वासदर्शक ठरावाच्या प्रसंगातून गेले आणि तरले. जानेवारी २००३ मध्ये पक्षनेतृत्वाने सुशीलकुमार शिंदे यांना मुख्यमंत्री केले. २००४ च्या निवडणुकीत राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या, म्हणजे आघाडीत राष्ट्रवादी मोठा पक्ष होता. तरीही वाटाघाटीत मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे आले आणि विलासराव १ नोव्हेंबर २००४ रोजी दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर डिसेंबरमध्ये त्यांनी पद सोडले. दोन्ही वेळा मिळून सात वर्षांहून अधिक काळ ते मुख्यमंत्री होते.

या साऱ्यात लातूरच्या मतदाराने काय ठरवले? फक्त एवढेच की, त्यांचा आमदार विधानसभेत असेल. मुख्यमंत्री कोण, हे पक्षनेतृत्व, आमदारांचा गट आणि मित्रपक्षाची संख्या यांनी ठरवले. आमदाराची निवडणूक कारकीर्द आणि त्याची सत्तेतली कारकीर्द यांचे आलेख एकमेकांना समांतर जात नाहीत, याचे हे चांगले उदाहरण आहे. २००९ नंतर ते केंद्रात गेले. मे २००९ मध्ये मंत्री झाले, तेव्हा ते संसदेचे सदस्य नव्हते. राज्यघटनेनुसार अशा मंत्र्याला सहा महिन्यांत कोणत्याही एका सभागृहाचे सदस्य व्हावे लागते, म्हणून त्याच वर्षी ते राज्यसभेवर गेले. १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते केंद्रीय मंत्रीच होते.

नकाशा बदलला की नावही बदलते

‘लातूर १९९९’ आणि ‘लातूर शहर २००९’ यांची तुलना करताना एक अडचण येते, ती म्हणजे हे एकच मतदारसंघ नाहीत. २००१ च्या जनगणनेच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीत ती महाराष्ट्रात पहिल्यांदा लागू झाली. लातूर जिल्ह्यात लातूर ग्रामीण, लातूर शहर, अहमदपूर, उदगीर, निलंगा आणि औसा असे सहा मतदारसंघ राहिले; उदगीर अनुसूचित जातीसाठी राखीव झाला. जुना हेर हा राखीव मतदारसंघ संपला आणि रेणापूरही संपला.

रेणापूर संपला म्हणजे गोपीनाथ मुंडे यांचा मतदारसंघ संपला. १९८० मध्ये ते तेथून पहिल्यांदा निवडून आले, १९८५ मध्ये हरले आणि १९९० पासून २००४ पर्यंत सलग चार वेळा निवडून आले. २००९ मध्ये ते बीडमधून लोकसभेवर गेले. आज रेणापूर तालुका लातूर ग्रामीणमध्ये आहे आणि परळी हा वेगळा मतदारसंघ आहे. त्यामुळे जुन्या रेणापूरचे आकडे आजच्या कोणत्याही एका मतदारसंघाशेजारी मांडले, तर तुलना चुकते. ज्या गावांनी मुंडेंना मते दिली, ती गावे आज वेगवेगळ्या आमदारांच्या यादीत आहेत.

मराठवाड्यात याहून जुनी एक अडचण आहे. येथील पहिली निवडणूक, १९५२ ची, हैदराबाद राज्याच्या विधानसभेसाठी झाली. १९५७ ची द्विभाषिक मुंबई राज्यासाठी. आणि १९६२ ची महाराष्ट्रासाठी. म्हणजे पन्नाशीच्या दशकात राजकारणात आलेल्या एखाद्या नेत्याने गाव न बदलता तीन वेगवेगळ्या राज्यांच्या विधानसभांसाठी निवडणूक लढवलेली असू शकते. ‘तीन राज्यांचा आमदार’ अशी थट्टा जुनी मंडळी करत, ती अगदीच निराधार नव्हती.

घराण्याची बाब यात मिसळली की आलेख आणखी गुंतागुंतीचा होतो. निलंग्यात माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना २००४ मध्ये त्यांचे नातू संभाजी पाटील यांनी भाजपच्या तिकिटावर हरवले. २००९ मध्ये आजोबांनी नातवाला हरवून जागा परत घेतली. एकाच आडनावाच्या या दोन निकालांत पक्ष बदलला, पिढी बदलली आणि मग दोन्ही परत फिरले. ‘निलंगा निलंगेकरांचा’ हे वाक्य दोन्ही वेळा खरे होते आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा होता.

आकडे कोठे पाहावेत

१९८० किंवा १९९० च्या निवडणुकीविषयी आपल्याला मतदारसंघाचे एकत्रित आकडे मिळतात. मतपत्रिकांच्या काळात अनेकदा वेगवेगळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळल्या जात, जेणेकरून कोणत्या गावाने कोणाला मत दिले ते उघड होऊ नये. मतदान यंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा राहतो आणि ‘फॉर्म २०’ या निकालपत्रात तो केंद्रनिहाय छापला जातो. त्यामुळे आज कोणत्याही नेत्याला निकालानंतर दोन दिवसांत कळते की, कोणत्या गावाने लीड दिली आणि कोणत्या तांड्याने दिली नाही. रस्त्याचे आणि सभागृहाचे निधी पुढे कोणत्या गावाला आधी पोहोचतात, याची चर्चा मग त्याच फॉर्म २० वर बोट ठेवून होते. लोकशाहीची ही पारदर्शकता गावकऱ्याला सोयीची आहे की गैरसोयीची, याविषयी माझे मत पूर्ण बनलेले नाही.

दुसरे कागदपत्र म्हणजे उमेदवाराचे शपथपत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांनंतर मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले यांची माहिती देणे उमेदवारांना बंधनकारक झाले. त्यामुळे विलासरावांच्या १९८० ते १९९९ च्या निवडणुकांना असे शपथपत्र नाही. २००४ नंतरच्या सर्व उमेदवारांना आहे. एकाच उमेदवाराची दोन-तीन निवडणुकांची शपथपत्रे शेजारी ठेवली तर बरेच काही दिसते. तिसरे म्हणजे खर्चाचा हिशेब, जो निकालानंतर तीस दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. विधानसभेच्या उमेदवाराची मर्यादा मोठ्या राज्यांत २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. या हिशेबाकडे लोक हसून पाहतात, पण तो मुदतीत दिला नाही तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

सभागृहातले काम, म्हणजे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना आणि समित्यांमधली उपस्थिती, यांपैकी काहीही निवडणुकीच्या तक्त्यात दिसत नाही. त्यासाठी विधिमंडळाच्या कामकाजाची नोंद स्वतंत्रपणे पाहावी लागते आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता पुन्हा लातूर ग्रामीणकडे येऊ. एप्रिल-जून २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीने जिंकल्या आणि लातूरची जागा काँग्रेसने घेतली. सहा महिन्यांनी विधानसभेत त्याच भागाने वेगळा कौल दिला. लोकसभेचा मतदार आणि विधानसभेचा मतदार तोच असला तरी तो एकाच कारणाने दोनदा मत देत नाही. नोटालाही येथे मर्यादा आहे: विधानसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी त्याखालचा उमेदवारच निवडून येतो, त्यामुळे २०१९ मध्ये नोटा दाबणाऱ्या २७,५०० जणांना आपण निकाल बदलणार नाही, हे माहीत होते. तरीही त्यांनी रांगेत उभे राहून ते बटण दाबले.

रेणापूर किंवा लातूर तालुक्यातल्या ज्या वाचकाला हा प्रश्न स्वतः सोडवून पाहायचा असेल, त्याने आपल्या गावाच्या मतदान केंद्राचे २०१९ आणि २०२४ चे फॉर्म २० शेजारीशेजारी ठेवावेत. आधी २०१९ च्या नोटाच्या रकान्यातला आकडा पाहावा आणि मग २०२४ मध्ये तेवढाच आकडा कोणत्या उमेदवाराच्या रकान्यात वाढलेला आहे, ते शोधावे.